नांदूर मधमेश्वर: कालव्याला घनमीटर, पाखरांना सेंटीमीटर

प्रश्न विचारणारे गोदावरी कालव्यावरच्या एका पाणी वापर संस्थेचे सचिव आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आमचं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून येतं. बंधारा सिंचनाचा, पण त्याचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेलं पाणी, पक्षी अभयारण्यात. आता ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं. बैठकीत कुणी म्हणतं, थंडीत पक्षी आले की बंधाऱ्याची पातळी उतरवता येणार नाही. कुणी म्हणतं, सिंचनाच्या पाण्यावर वनखात्याचा काय अधिकार? कायद्याने नक्की कुणाचं चालतं? आणि बंधाऱ्यातला गाळ काढता येईल की नाही?"

माझी नोकरी सिंचनात गेली आणि निवृत्तीनंतर पाणथळ जागांच्या कामात पडलो, त्यामुळे दोन्हीकडच्या बैठकांना बसलो आहे. सचिव साहेब, तुमचा कायदा आणि वनखात्याचा कायदा वाटतात तेवढे एकमेकांच्या आड येत नाहीत, हे माझं पक्कं मत आहे. आड येतं ते आवर्तनाचं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक, कारण ते ठरवताना पाखरांचं कुणी काही मांडत नाही.

आधी जागा समजून घेऊ. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हा बंधारा बांधला. वर दारणा धरण झालं ते १९१६ साली. दारणेचं पाणी नदीतून खाली सोडायचं, बंधाऱ्यात अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे न्यायचं, अशी ती योजना. पुढे वर गंगापूर धरण झालं, कादवेवर पालखेड झालं, आणि बंधाऱ्यातून मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलदगती कालवाही निघाला. म्हणजे ही साठवणीची जागा कमी आणि वळणाची जागा जास्त. वरून पाणी येतं, थोडं थांबतं, पुढे जातं. शंभर वर्षांत त्या थांबण्यात गाळ बसत गेला. गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणगवत आणि लव्हाळी आली, कडेला उथळ दलदल तयार झाली, आणि तिथे पाखरं उतरू लागली. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यातलं १,४३७ हेक्टर पाणथळ क्षेत्र जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत आलं. महाराष्ट्रातलं ते पहिलं.

ही पाणथळ जागा निसर्गाने एकट्याने केलेली नाही, ती तुमच्याच आवर्तनांनी घडवली आहे. उद्या सिंचन बंद केलं तर पाखरांचं भलं होईल असं कुणी म्हणत असेल, तर त्याने हा बंधारा पाहिलेला नाही.

आता कायदा. पाणी, सिंचन, कालवे हा संविधानात राज्य सूचीतला विषय. वन्यप्राणी आणि पक्ष्यांचं संरक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, केंद्राचा. तुमच्याकडे राज्याचे दोन कायदे, दोन्ही २००५ चे: एक महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीच्या व्यवस्थापनाचा. केंद्र मोठं की राज्य, असा सरळ सामना न्यायालयं सहसा लावत नाहीत. दोन वेगळ्या विषयांवरचे कायदे असले की दोन्ही एकत्र नांदतील असा अर्थ आधी शोधला जातो. त्यामुळे "आमचा कायदा वरचा" या वाक्याने बैठकीत कुणाचंच काम होत नाही.

वन्यजीव कायद्याचं कलम २९ मात्र नीट वाचा, कारण बैठकीत ते अर्धंच सांगितलं जातं. अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, थांबवणं किंवा वाढवणं हे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आणि तो परवानाही, असा बदल वन्यजीवांच्या भल्यासाठी, त्यांच्या चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे अशी राज्य वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत करून शासनाची खात्री झाली तरच. "वाढवणं" हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पाणी तोडणं जसं त्यात येतं, तसं अवेळी भरमसाठ सोडणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीने स्थानिकांचा पिण्याचा आणि घरगुती पाण्याचा खराखुरा वापर या मनाईतून स्पष्टपणे बाहेर काढला. सिंचन त्यात लिहिलेलं नाही.

मग तुमचं आवर्तन बेकायदा ठरतं का? माझ्या वाचनाप्रमाणे नाही. बंधारा आणि कालवे अभयारण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. जो प्रवाह १९८६ च्या आधीपासून ठराविक रीतीने चालत आला, तो त्या जागेच्या घडणीचाच भाग आहे. कलम २९ चा प्रश्न येतो तो रीत बदलताना: नवा उपसा, उंची वाढवणं, नवे दरवाजे, एखाद्या हंगामात नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने बंधारा झपाट्याने उतरवणं. तिथे परवानगीची फाईल आधी झाली पाहिजे, पाणी सोडल्यावर नाही.

जलसंपत्तीच्या कायद्यातलं कलम १२(६)(ग) तुम्हा सर्वांना तोंडपाठ असेल, कारण नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद त्यावरच उभा आहे. खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी, असं ते सांगतं. सप्टेंबर २०१४ च्या प्राधिकरणाच्या आदेशाने खालच्या जायकवाडी धरणासाठी ६५ टक्के साठ्याचा निकष ठेवला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही व्यवस्था उचलून धरली. २०१५, २०१८, २०२३ या वर्षांत वरून पाणी सुटलं. २०२३ चा आदेश सुमारे ८.६ टीएमसीचा होता. त्यातला गंगापूर आणि दारणा समूहांचा वाटा नांदूर मधमेश्वरवरूनच जातो. आणि जातो कधी? नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक नुकते येऊन स्थिरावलेले असतात तेव्हा. त्या काळात नदीकाठची वीज तोडायची, खालच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, कालवे बंद ठेवायचे, हे सगळं आदेशात येतं. वाटेत एक अभयारण्य आहे आणि त्यातली पातळी तासाला किती चढावी-उतरावी, याचा निकष मात्र त्या कलमात नाही. समन्यायी वाटपाला माझा विरोध नाही. मराठवाड्याचा तो हक्कच आहे. पण जे पाणी जाणारच आहे ते कोणत्या वेगाने जावं, हे लिहून ठेवायला एक पैसा लागत नाही.

पाणथळ जागांचे २०१७ चे नियम इथे फारसे कामाला येत नाहीत. त्यांच्या व्याख्येतून नदीपात्र आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत, आणि वन्यजीव कायद्याखालच्या क्षेत्रांनाही ते लागू होत नाहीत. रामसर यादीतलं नाव हे भारताने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या कराराखालचं वचन आहे. जागेचं पर्यावरणीय स्वरूप टिकवायचं आणि ते बदलत असेल तर कळवायचं, एवढं ते सांगतं. त्याने तुमचा कालवा बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रामसर स्थळांवर देखरेखीचं काम उच्च न्यायालयांकडे सोपवलं, एवढं लक्षात असू द्या. हलगर्जी झाली तर विचारणारं कुणीतरी आहे.

कायद्याचं इथे थांबवतो. खरा मुद्दा कुठे आहे ते सांगतो.

तुमच्या संस्थेचा पाण्यावरचा हक्क कशात मोजला जातो? घनमीटरमध्ये. हंगामाचा कोटा ठरतो, तो मोजून मिळतो, तुटीच्या वर्षी प्रमाणात कमी होतो. अमुक तारखेला अमुक इतकं पाणी बंधाऱ्यातून निघालंच पाहिजे, असं त्या हक्कात नसतं. पाखराला घनमीटर कळत नाही. त्याला खोली कळते. तुतवार आणि चिखल्या दोन-चार सेंटीमीटर पाण्यात नाहीतर ओल्या चिखलात चरतात. शेकाट्या घोट्याएवढ्या पाण्यात उभा असतो. थापट्या, तलवार बदक यांची मान जेमतेम वीतभर-दीडवीत पाण्याच्या तळापर्यंत पोचते. त्याहून खोल झालं की खाणं समोर असून उपाशी. वारकरी आणि पाणकावळे या पाखरांना खोल पाणी चालतं. म्हणजे तुमचं माप एक आणि त्यांचं माप दुसरं, आणि म्हणूनच तडजोडीला जागा आहे.

हिशोब करून पाहा. १,४३७ हेक्टरवर पातळी १० सेंटीमीटर उतरवली तर सुमारे १४ लाख ३७ हजार घनमीटर पाणी निघतं, म्हणजे साधारण ५० दलघफू (दशलक्ष घनफूट). ६०० क्युसेकने चाललेला कालवा हे पाणी एका दिवसात ओढून नेतो. म्हणजे सगळी उथळ कड हलवून टाकणारे हे १० सेंटीमीटर तुमच्या लेखी एका दिवसाचा विसर्ग आहेत. ते पाणी पाखरं पिऊन टाकत नाहीत. आज धरलं तर आठवड्याने तुम्हालाच मिळतं. मध्ये बाष्पीभवनाची थोडी तूट येते, पण बंधारा पूर्ण भरलेला नसला तरी ती बऱ्यापैकी येतच असते.

आणि तेच १० सेंटीमीटर कडेला काय करतात? उतार ५०० ला १ असेल तर १० सेंटीमीटरला ५० मीटर रुंद चिखलपट्टी उघडी पडते. ती आठवडाभरात हळूहळू उघडली, तर रोज नवा ओला पट्टा मिळतो आणि पाखरं पाण्याच्या मागोमाग सरकत चरतात. तीच एका रात्रीत उघडली, तर दोन दिवसांत उन्हाने पापुद्रे धरतात, किडे-गोगलगायी मरतात, आणि डबक्यात अडकलेले मासे घारी आणि कुत्री खातात. पाणी तेवढंच गेलं, पण एका वेळी त्याने आठवडाभराचं जेवण दिलं आणि दुसऱ्या वेळी नासवलं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच एका खोऱ्यातल्या बंधाऱ्यावर होतो. एप्रिलचा महिना, खालच्या गावांना पिण्याचं पाणी द्यायचं म्हणून वरच्या धरणातून रात्री पाणी सुटलं. पाणी येणार हे आम्हाला ठाऊक होतं, खालचे दरवाजे उघडायला मात्र सकाळ झाली. फुगवट्यात रात्रीतून वीतभर पाणी चढलं. सकाळी भोई समाजातले एक म्हातारे मासेमार मामा मला होडीत घालून मधल्या वाळूच्या बेटाकडे घेऊन गेले. बेट उरलंच नव्हतं. वर पंधरा-वीस नदी सुरय ओरडत फिरत होते, एकेक खाली झेपावून पाण्याला चोच लावून परत वर जात होता. मामांनी वल्ह्याने पाण्यात दाखवलं: वाळूच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची अंडी तळाशी जशीच्या तशी बसलेली होती. नदी सुरय घरटं बांधत नाही, उघड्या वाळूत जराशी खळगी करून दोन-तीन अंडी घालतो. "साहेब, पाणी रात्री आठला आलं असतं तरी चाललं असतं, पण थोडं थोडं यायला पाहिजे होतं," एवढंच मामा म्हणाले. ते बरोबर नव्हतं. थोडं थोडं आलं असतं तरी बेट बुडालंच असतं. दरवाजे वेळेवर उघडून पातळी आहे तिथे धरणं एवढाच उपाय होता, आणि तो आमच्या हातात होता. आज हा पक्षी जगाच्या धोक्यातल्या यादीत आहे. तेव्हापासून उन्हाळी आवर्तनाचा कागद हातात आला की मी आधी बेटं कुठे आहेत ते विचारतो.

याचा अर्थ पातळी कायम वर धरून ठेवा असा नाही. मणिपूरच्या लोकताकमध्ये तेच झालं. १९८३ मध्ये इथाई बराज झाला आणि वीजनिर्मितीसाठी सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली. तिथल्या तरंगत्या गवताच्या बेटांना फुमदी म्हणतात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, तिच्या मुळांना मातीतलं पोषण मिळायचं. आता ती वर्षभर तरंगत राहते आणि पातळ होत जाते, आणि त्याच फुमदीवर संगाई हरणाचा शेवटचा आसरा आहे. उलट टोक भरतपूरच्या केवलादेवचं. त्या उद्यानाला वर्षाला सुमारे ५५० दलघफू पाणी लागतं. वर गंभीर नदीवर पांचना धरण झालं, खालच्या-वरच्या शेतकऱ्यांचा वाद पेटला, आणि उद्यानाचा वाटा त्यात वाऱ्यावर गेला. शेवटी गोवर्धन नाल्यातून आणि चंबळेच्या पाणीयोजनेतून पाणी विकत घेतल्यासारखं आणावं लागलं. लोकताकला पातळीचा चढउतार नाहीसा झाला, केवलादेवला पाणीच नाहीसं झालं. आपल्याकडे सुदैवाने दोन्ही आहेत, फक्त त्यांच्या तारखा कुणी ठरवलेल्या नाहीत.

तारखा ठरवताना शेताचंही खरं ऐकलं पाहिजे. गव्हाला पेरणीनंतर तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं फुटताना पाणी चुकलं तर नंतर कितीही दिलं तरी भरपाई होत नाही. तिथे चार दिवस थांबा म्हणणं अन्यायाचं आहे. पण महिनाभर चालणाऱ्या आवर्तनात सगळीच तारीख अशी नाजूक नसते. आणि या बंधाऱ्याची एक सोय आहे: तो वळणाचा आहे. दारणा-गंगापूरचा येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, बंधाऱ्याला पोचल्यावर कालव्याचे दरवाजे उघडायचे आणि येव्याएवढाच विसर्ग ठेवायचा, तर कालवा पूर्ण चालतो आणि फुगवटा जागचा हलत नाही. बिघडतं तेव्हा, जेव्हा वरचं पाणी पोचायच्या आत "शेपटाला (कालव्याच्या शेवटच्या टोकाला) ओरड आहे" म्हणून कालवा आधी सुरू होतो आणि तो बंधाऱ्यातलंच पाणी ओढतो. हे पाटकऱ्यापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

आता गाळ. हा तुमच्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग, कारण इथे दोन्ही बाजूंचं दुःख खरं आहे. चांदोरी, सायखेडा ही गावं फुगवट्याच्या वर आहेत. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे बाजारपेठेत पाणी शिरलं. ज्यांच्या घरात कमरेएवढा चिखल बसला त्यांना पाणथळ जागेचं महत्त्व सांगायला जाऊ नये. पण "सगळा गाळ काढा" हा त्यावरचा उपाय नाही. पूर वाहून जातो तो मुख्य प्रवाहातून. कडेची दलदल आणि बेटं कोरून काढली तरी पुराची पातळी फारशी उतरणार नाही, पुढच्या दोन पावसाळ्यांत गाळ परत येईल, आणि पाखरांची जागा मात्र जाईल. मुख्य प्रवाहाची वाट आणि दरवाज्यांसमोरचा भाग मोकळा करणं वेगळं. त्यासाठी आधी पात्राचे छेद घेऊन जलशास्त्रीय अभ्यास झाला पाहिजे, आणि मग कलम २९ खाली वन्यजीव व्यवस्थापनाच्या आराखड्यातूनच प्रस्ताव गेला पाहिजे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा अर्ज भरून अभयारण्यात पोकलेन उतरवता येत नाही. काम करायचं ते हिवाळी पाहुणे गेल्यावर, आणि नदी सुरय, आर्ली यांची विणीची बेटं खुणा लावून वगळून. एप्रिल-मे हा मोकळा काळ आहे असं समजून यंत्रं आणली तर नेमकी तीच विण तुडवली जाते.

पुरात भर घालणारी दुसरी गोष्ट पाणवेल, म्हणजे जलपर्णी. सायखेड्याच्या पुलाला ती अडकून बांध घातल्यासारखं होतं, हे तिथले लोक दरवर्षी पाहतात. पाणवेल वाढते ती वरून येणाऱ्या सांडपाण्यावर. तो विषय १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा आणि शहराच्या मलनिस्सारणाचा. त्यावर शेतकरी आणि पक्षीमित्र यांचं एकमत व्हायला एक मिनिट लागू नये. दोघांनी मिळून एकच अर्ज दिलेला मी अजून पाहिलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

राहता राहिलं, तुम्ही काय करायचं. रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं कालवा सल्लागार समितीत ठरतात. त्या बैठकीला अभयारण्याच्या अधिकाऱ्यांना लेखी बोलवा अशी मागणी तुमच्याच संस्थेने करावी. पक्षीमित्रांनी केली तर ती सिंचनाविरुद्धची वाटते. अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात महिन्यागणिक पातळीचा तक्ता असावा, असं त्यांच्याकडून मागा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी पातळी कोणत्या दोन आकड्यांमध्ये, उतार दिवसाला जास्तीत जास्त किती सेंटीमीटर, मार्च ते मे बेटांवर पाणी चढायची मर्यादा कोणती. तो तक्ता इतिवृत्तात घातला की आवर्तनाच्या आदेशाला जोडता येतो, आणि जायकवाडीच्या विसर्गाच्या आदेशालाही. तुटीच्या वर्षी तक्त्यातून किती सूट घ्यायची तेही आधीच लिहा. दुष्काळात माणूस आणि गुरं पहिली, यात वाद नाही, पण सूट कुणी आणि कशावरून दिली हे कागदावर असू द्या.

आणि बैठकीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. बंधाऱ्यावर पातळी मोजायची गेज पट्टी आहे. तुमच्या पाटकऱ्याला सांगून येत्या १ नोव्हेंबरपासून रोज सकाळी आठची पातळी, कालव्यांचा विसर्ग आणि वरून आलेला येवा वहीत लिहायला लावा. चापडगावच्या मनोऱ्यावर पक्षीगणना करणाऱ्या मुलांना त्याच तारखांचे आकडे मागा आणि दोन्ही रकाने एका पानावर शेजारी शेजारी मांडा. ती वही तयार झाली की मला दाखवा. तक्त्यातले आकडे कुठे धरायचे ते आपण बसून ठरवू.